ग्वाल्हेरचे शून्य आणि पाहुण्यांचा अपेक्षाभंग

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील मराठी घरांमध्ये पुण्या-मुंबईकडचे पाहुणे आले की किल्ल्याची फेरी ठरलेलीच असते, आणि अलीकडे या फेरीत चतुर्भुज मंदिराची भर पडली आहे. पूर्वेकडील ग्वाल्हेर दरवाजातून किल्ला चढताना वाटेत एकाच खडकातून कोरून काढलेले हे लहानसे मंदिर लागते. तेथील संवत 933 च्या, म्हणजे इ. स. 876 च्या शिलालेखात देवाच्या बागेचे एक माप 270 हात असे दिले आहे आणि फुलांच्या 50 माळांचा उल्लेख आहे. या दोन्ही आकड्यांतील शून्य आजच्या शून्यासारखेच गोल आहे. गणिताच्या इतिहासात या लेखाचे मोल फार मोठे आहे, परंतु प्रत्यक्षात ते शून्य शेजारच्या अंकांहूनही लहान आहे आणि कोणी बोट ठेवून दाखविल्याशिवाय सापडत नाही. ‘हेच का ते?’ हा प्रश्न येथे नेहमी ऐकू येतो.

हेच पाहुणे जयविलास राजवाड्यातून मात्र तृप्त होऊन बाहेर पडतात. जयाजीराव शिंद्यांनी 1874 मध्ये बांधून घेतलेल्या या वाड्याच्या दरबार दालनात प्रत्येकी सुमारे साडेतीन टन वजनाची दोन झुंबरे आहेत, आणि ती टांगण्यापूर्वी छताची ताकद अजमावण्यासाठी वर हत्ती चढविले होते, ही कथा पाहुण्यांनी येण्यापूर्वीच ऐकलेली असते. म्हणजे दोन्ही ठिकाणी अपेक्षा वाढविलेलीच असते, तरीही एका ठिकाणी निराशा होते आणि दुसऱ्या ठिकाणी होत नाही. हा फरक कशामुळे पडतो, यावर मानसशास्त्राने आणि मेंदूविज्ञानाने गेल्या काही दशकांत बरेच काही सांगितले आहे.

समाधान हे वस्तूच्या गुणवत्तेबरोबरच अपेक्षा आणि अनुभव यांच्यातील अंतरावर अवलंबून असते, अशी मांडणी रिचर्ड ऑलिव्हर यांनी 1980 मध्ये ग्राहकांच्या संदर्भात केली. पर्यटनाच्या अभ्यासकांनी ती लगेच उचलली. याला मेंदूच्या पातळीवरचा आधार वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरील प्रयोगांतून मिळाला. माकडाला अनपेक्षितपणे फळाचा रस मिळाला की त्याच्या मेंदूतील डोपामीन हे संदेशवाहक रसायन स्रवणाऱ्या पेशी जोरात उद्दीपित होत. एका ठरावीक खुणेनंतर रस मिळतो हे माकड शिकले की त्या पेशी खूण दिसताच उद्दीपित होऊ लागत, आणि प्रत्यक्ष रस आला तरी त्यांच्यात फारसा बदल होत नसे. खूण दाखवून रस दिलाच नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्यांची क्रिया नेहमीच्या पातळीच्याही खाली जात असे. 1997 मध्ये शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड मॉन्टेग्यू यांनी याचा अर्थ असा लावला की या पेशी मिळालेले आणि भाकीत केलेले यांच्यातील तफावत नोंदवितात. छायाचित्र ही आपल्यासाठी तशीच खूण असते, त्यामुळे स्थळाच्या आनंदाचा बराचसा भाग आपण घरी बसूनच घेतलेला असतो.

यावरून ‘अपेक्षाच ठेवू नये’ असा उपदेश करण्याची घाई अनेकजण करतात. मला तो पटत नाही. लंडनमधील रॉब रटलेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये लहान रकमांचे जुगारासारखे खेळ देऊन लोकांना मधूनमधून ‘या क्षणी किती आनंदी आहात?’ असे विचारले. प्रयोगशाळेनंतर हाच खेळ मोबाइलवरून 18,420 जणांनी खेळला. एकूण किती मिळाले यापेक्षा अपेक्षेहून किती जास्त मिळाले यावर क्षणिक आनंद ठरतो, हे त्यातून दिसलेच. पण निकाल लागण्यापूर्वीची अपेक्षा स्वतःदेखील आनंद वाढविते, हेही दिसले. नेदरलँड्समध्ये 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 1,530 प्रौढांची पाहणी केली होती आणि त्यांपैकी 974 जण सुटीवर गेले होते. सुटीवर जाणारे इतरांपेक्षा अधिक आनंदी आढळले ते प्रवासापूर्वी. परतल्यानंतर, अत्यंत निवांत सुटी घालविलेल्यांचा अपवाद सोडला तर, दोन्ही गटांत फरक उरला नव्हता. अपेक्षा काढून टाकली तर प्रवासाच्या आनंदातला हा मोठा हिस्साच हातचा जातो.

शिवाय अपेक्षा अनुभवाला केवळ मोजत नाही, ती त्याला घडवितेही. 2008 मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी वीस जणांना एकच वाइन कधी 10 डॉलर, तर कधी 90 डॉलर किमतीची म्हणून दिली. महाग म्हणून दिलेली वाइन त्यांना अधिक आवडली, आणि मेंदूच्या प्रतिमांमध्येही रुचीचा सुखदपणा नोंदविणाऱ्या भागाची क्रिया वाढलेली दिसली. येथे अपेक्षेने अनुभवाला आपल्याकडे ओढून घेतले. मग मंदिरातील शून्याच्या बाबतीत असे का होत नाही? वाइनची चव ही संदिग्ध गोष्ट आहे. ती ‘अमुक इतकी चांगली’ आहे हे जिभेला निश्चित सांगता येत नाही, आणि त्या मोकळ्या जागेत अपेक्षा शिरते. अक्षराची किंवा चित्राची उंची डोळ्यांना नेमकी कळते. संवेदना स्पष्ट असली आणि तफावत मोठी असली की अनुभव अपेक्षेकडे न सरकता उलट तिच्यापासून आणखी दूर भासतो. जयविलासला येणाऱ्याने हत्तींची कथा ऐकलेली असते, पण साडेतीन टनांचे झुंबर डोळ्यांपुढे आणणे बहुतेकांना जमत नाही. त्याची अपेक्षा मोठी असली तरी तिला आकार नसतो. शून्याची अपेक्षा मात्र आकारासह येते, कारण पुस्तकात ते चित्रभर मोठे करून छापलेले असते.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील मोनालिसा हे याचे जगप्रसिद्ध उदाहरण आहे. ते चित्र अवघे 77 सेंटिमीटर उंच आणि 53 सेंटिमीटर रुंद आहे, आणि त्याच दालनात समोरच्या भिंतीवर व्हेरोनेझे या चित्रकाराचे जवळजवळ दहा मीटर रुंदीचे भव्य चित्र लावलेले आहे. आमच्याकडे ग्वाल्हेरच्या हजिरा भागात अशीच जोडी आहे. सूफी संत मुहम्मद घौस यांचा दगडी जाळ्यांनी मढविलेला विशाल मकबरा पाहून लोक त्यालाच तानसेनाची समाधी समजतात, आणि खरी समाधी, म्हणजे बाजूचा लहानसा खुला मंडप, दाखविली की त्यांचे चेहरे पडतात. तानसेनाची समाधी एकटी असती तर ती साधी आणि सुंदर वाटली असती, असे मला वाटते. शेजारामुळे ती लहान ठरते.

अनुभव घेणाऱ्याची शारीरिक अवस्था हा आणखी एक घटक आहे, आणि त्याची पाचशे वर्षांपूर्वीची नोंद याच किल्ल्यावरची आहे. सप्टेंबर 1528 मध्ये आग्र्याहून निघून बाबर ग्वाल्हेरला आला आणि त्याने ग्वाल्हेरचा पूर्वीचा राजा मानसिंह तोमर याचा महाल पाहिला. आदल्या रात्री चांदण्यात अफू घेतल्यामुळे त्या दिवशी त्याला उलट्यांचा त्रास होत होता, हे त्याने स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. इमारती विलक्षण आहेत, हे तो मान्य करतो, हिरव्या फरशांवरील केळीच्या झाडांची नक्षी टिपतो. पण बांधणीत प्रमाणबद्धता नाही आणि खालचे मजले अंधारे आहेत, अशी तक्रारही करतो. खालचे मजले आजही अंधारेच आहेत, तेव्हा तक्रार अगदीच निराधार नव्हती. तरीही मे महिन्याच्या 45 अंशांच्या उन्हात किल्ला पाहून ‘विशेष काही नाही’ म्हणणाऱ्यांच्या अभिप्रायात किल्ल्याचा वाटा किती आणि उन्हाचा किती, हे वेगळे काढणे सोपे नाही.

आता एक कारण असे आहे की ज्याचा मेंदूशी थेट संबंध नाही. ते निव्वळ संख्याशास्त्राचे आहे आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आहे. समजा, आपल्यासमोर वीस स्थळांची माहिती आहे. प्रत्येकाविषयीचा आपला अंदाज काही ठिकाणी वास्तवापेक्षा थोडा जास्त आणि काही ठिकाणी थोडा कमी असणार. सरासरीने तो अगदी बिनचूक असला तरी. आपण निवडतो ते ज्याचा अंदाज सर्वांत उंच आहे ते स्थळ. ज्या स्थळाच्या बाबतीत चूक वरच्या दिशेने झाली आहे, तेच यादीच्या शेंड्यावर पोहोचण्याची शक्यता जास्त असते. त्यामुळे कोणीही फसविलेले नसताना निवडलेले स्थळ सरासरीने अपेक्षेपेक्षा कमीच भरते. जेम्स स्मिथ आणि रॉबर्ट विंकलर यांनी 2006 मध्ये निर्णयशास्त्रात हा परिणाम गणिताने मांडला. पहिल्या घटक चाचणीत वर्गात पहिला आलेला विद्यार्थी दुसऱ्या चाचणीत बहुधा थोडा खाली येतो, त्यामागचे तत्त्व हेच आहे. उलटपक्षी ज्या ठिकाणी आपण निवड न करता, वाटेत लागले म्हणून थांबतो, तेथे अंदाज वर सरकण्याचे हे कारणच नसते. किल्ल्याच्या उरवाई घाटीतील जैन तीर्थंकरांच्या कोरीव मूर्ती, ज्यांतील सर्वांत मोठी सुमारे 17 मीटर उंच आहे, पाहून गाडीतील मंडळी एकदम गप्प होतात ती म्हणूनही. त्यांच्याविषयी बहुतेकांनी काही ऐकलेलेच नसते.

शून्याच्या बाबतीत तर अंदाजात खरीखुरी फुगवटही आहे. ‘जगातील सर्वांत जुने शून्य’ असे त्याला सर्रास म्हटले जाते, परंतु कंबोडियातील एका शिलालेखात इ. स. 683 मधील शून्य बिंदूच्या रूपात आढळते, आणि बख्शाली हस्तलिखित या शून्याची बिंदुरूप खूण असलेल्या प्राचीन भारतीय गणितग्रंथाच्या काळाविषयीचा वाद अजून मिटलेला नाही. भारतातील दगडावर कोरलेले, निश्चित काळाचे, गोल शून्य एवढे म्हटले तरी ते पुरेसे थोर आहे. पाहुण्यांना शिलालेखापुढे उभे करण्याआधी 270 मधील शून्य काढून टाकले तर बागेचे काय होईल, हे विचारून पाहावे. येथे मिळणारा आनंद डोळ्यांचा नाही, समजण्याचा आहे, आणि त्यासाठी दोन मिनिटांची पूर्वतयारी लागते.

राहता राहिली आठवण. एखादा अनुभव आपण त्याच्या सर्वोच्च क्षणावरून आणि शेवटावरून तोलतो, हा मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन यांचा सिद्धांत बराच लोकप्रिय आहे, आणि त्यावर विसंबून सहलीचा शेवट दिमाखदार करण्याचे सल्ले दिले जातात. मात्र तो सिद्धांत मुख्यतः मिनिटांत संपणाऱ्या अनुभवांवर, उदाहरणार्थ थंडगार पाण्यात हात बुडवून ठेवण्यावर, तपासला गेला होता. न्यूझीलंडमधील सायमन केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये तो विद्यार्थ्यांच्या खऱ्या सुट्यांवर तपासला, तेव्हा शेवटाचा प्रभाव फारसा दिसला नाही. सुटीतील सर्वांत संस्मरणीय किंवा वेगळ्या 24 तासांत किती आनंद वाटला होता, यावरून संपूर्ण सुटीविषयीचे मत अधिक चांगले ओळखता आले. या हिशेबाने पाहुण्यांना एका दिवसात किल्ला, जयविलास, हजिरा आणि फुलबागेतील राणी लक्ष्मीबाईंची समाधी असे सगळे उरकून संध्याकाळच्या गाडीत बसविण्यापेक्षा, एक पूर्ण दिवस केवळ किल्ल्यासाठी ठेवणे आणि तो पूर्वेकडून, पायी, सकाळच्या उन्हात चढणे अधिक शहाणपणाचे ठरते.