ड्युटीची खोली आणि क्वारंटाइनची खोली

कोविडचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "तेव्हा डॉक्टर-नर्सना ताजमध्ये क्वारंटाइन केलं होतं ना?" नव्हतं केलं. ते तिथे राहत होते. सकाळी निघून वॉर्डात जायचे, पेशंट बघायचे आणि परत येऊन झोपायचे. क्वारंटाइनमधला माणूस खोलीचा उंबरठा ओलांडत नाही. तरी लेखांत, भाषणांत आणि आरोग्य खात्यात वावरणाऱ्यांच्याही तोंडी "आरोग्य कर्मचाऱ्यांचं क्वारंटाइन हॉटेल" हा शब्द रुळून बसलाय. मी त्या काळात एका रुग्णालयाच्या मेट्रन ऑफिसात ड्युट्या लावायचे. या घोळाची किंमत कोणी मोजली ते मी जवळून पाहिलंय.

क्वारंटाइनचं हॉटेल सगळ्यांच्या परिचयाचं आहे. मे २०२० मध्ये 'वंदे भारत' मोहिमेची विमानं सुरू झाली, परदेशातून आलेल्यांना विमानतळावरून थेट हॉटेलात नेलं, जेवण दाराबाहेर ठेवलं, बिल ज्याचं त्याने भरलं. आधी चौदा दिवस, मग महिनाअखेरीस सात दिवस हॉटेलात आणि सात घरी. यावर आणखी लिहायची गरज नाही.

ड्युटीवरच्या माणसांची सोय त्याआधीच सुरू झाली होती आणि तिचं कारणच वेगळं होतं. मार्च २०२० संपता संपता दिल्ली सरकारने लोकनायक आणि जी. बी. पंत या रुग्णालयांतल्या डॉक्टरांसाठी ललित हॉटेलात शंभर खोल्या घेतल्या. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ताजवाल्यांनी मुंबईतलं ताज महाल पॅलेस, ताज लँड्स एंड, ताज सांताक्रूझ, प्रेसिडेंट, अंधेरीचं जिंजर आणि गोव्यात मडगावचं जिंजर आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी खुलं केलं. घरात म्हातारे सासू-सासरे, तान्हं मूल, एकच संडास, अशा घरी कोविड वॉर्डातून परतायचं कसं, हा पहिला प्रश्न. दुसरा घरमालकांचा. डॉक्टरांना खोल्या सोडायला लावतात म्हणून एम्सच्या निवासी डॉक्टरांना थेट गृहमंत्र्यांना पत्र लिहावं लागलं. आणि मुंबईत तिसरा, लोकलचा. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यानंतर बंद पडलेल्या लोकल अत्यावश्यक सेवेसाठीसुद्धा १५ जूनपर्यंत धावल्या नाहीत. बदलापूरची, विरारची सिस्टर बेस्ट आणि एसटीच्या बस बदलत यायची. त्यात मेच्या सुरुवातीला कल्याण-डोंबिवली महापालिकेने फर्मान काढलं, की मुंबईत नोकरी करणाऱ्यांनी मुंबईतच राहावं, रोज ये-जा करू नये. विरोध झाल्यावर ते थांबवावं लागलं, पण बाईने त्या आठवड्यात झोपायचं कुठे?

हॉटेलची खोली हे त्याचं उत्तर होतं. कोंडून ठेवण्याचा त्यात प्रश्नच नव्हता.

आता ज्या एका मुद्द्यावर भलीभली माणसं घसरतात, तो. दिवसांची मोजणी.

क्वारंटाइनचे दिवस शेवटच्या संपर्कापासून मोजतात. आज संपर्क संपला, उद्या पहिला दिवस. तेव्हाचा विषाणू अंगात शिरला असेल तर लक्षणं बहुधा पाच-सहा दिवसांत आणि फार उशिरा म्हणजे चौदा दिवसांपर्यंत दिसायची, म्हणून चौदाचा आकडा. या मोजणीची एकच अट आहे, मध्ये नवा संपर्क होता कामा नये. ड्युटीच्या खोलीत राहणाऱ्या सिस्टरचा नवा संपर्क रोज होतो. तिची मोजणी रोज शून्यावर येते. ती तिथे चौदा रात्री झोपली काय नि चाळीस झोपली काय, क्वारंटाइनचा एकही दिवस तिच्या नावावर जमा होत नाही. तो पहिला दिवस तिची कोविड वॉर्डातली शेवटची ड्युटी संपल्यावरच उजाडतो.

हे ज्यांनी नीट पाळलं त्यांनी दोन टप्पे वेगळेच ठेवले. चीनमधल्या वूहानला आणि ते शहर ज्यात आहे त्या हुबेई प्रांतात बाहेरच्या प्रांतांतून बेचाळीस हजारांहून अधिक डॉक्टर-नर्स गेले होते. काम चालू असताना मुक्काम हॉटेलात, हॉटेल ते रुग्णालय बस. काम संपवून परतल्यावर पुन्हा चौदा दिवस वेगळं राहणं. आपल्याकडेही सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी 'चौदा दिवस ड्युटी, चौदा दिवस क्वारंटाइन' असंच होतं. आमच्या ओळखीच्या एका रुग्णालयात मात्र दोन्ही खोल्यांना कागदोपत्री एकच नाव पडलं आणि हिशेब असा निघाला: "तुम्ही चौदा दिवस हॉटेलात होतात, म्हणजे तुमचं क्वारंटाइन झालं. आता घरी जा." नाइट संपवून, किट म्हणजे अंगभर संरक्षक पोशाख उतरवून, अंघोळ करून ती बाई सकाळी बॅग उचलून घरी. आदल्या रात्री तिने कोविडच्या पेशंटचं तोंड साफ केलं होतं, सक्शन केलं होतं, म्हणजे नळीने घशातला कफ ओढून काढला होता. कागदावर तिचे चौदा दिवस भरले होते आणि खरी मोजणी त्या सकाळी सुरूही झाली नव्हती. ज्या सासऱ्यांना जपायला ती दोन आठवडे घरापासून लांब राहिली, त्यांच्या पुढ्यात ती सगळ्यात चुकीच्या दिवशी जाऊन उभी राहिली.

उलट्या बाजूचं उदाहरण खोलीच्या वाटपातलं. इंट्युबेशनच्या, म्हणजे पेशंटच्या श्वासनलिकेत नळी घालण्याच्या वेळी एका सिस्टरच्या मास्कचा पट्टा तुटला. हाय रिस्क ठरली, ड्युटी थांबवली, 'हॉटेलात क्वारंटाइन' लिहिलं आणि पाठवलं तिच्याच जुन्या खोलीत. शेजारच्या पलंगावर तिची मैत्रीण, जी रोज आयसीयूत जात होती. एक स्नानगृह, एक नळ, एक केटल. अशा खोलीत दोघींचं नुकसान: क्वारंटाइनवालीला रोज नव्या संपर्काचा धोका, आणि ही पॉझिटिव्ह निघाली तर ड्युटीवालीही संपर्कात आलेली ठरणार, म्हणजे वॉर्डातला आणखी एक माणूस कमी.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. सेंट्रल एसीपेक्षा खिडक्या उघड्या बऱ्या, हे दोन्हीकडे खरं. कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या, चादरी बदलण्याचे नियम, हे ज्याचं त्याने वाचावं. जेवणाचं तेवढं सांगते, कारण ते कोणाच्या डोक्यात येत नाही. क्वारंटाइनवाल्याला डबा ठरल्या वेळी दाराशी मिळाला की झालं. ड्युटीवालीला रात्री साडेनऊला परतल्यावर गरम काहीतरी हवं असतं. तिला थंड पोळी-भाजीचा दुपारचा डबा ठेवणाऱ्यांनी तिला काम करणारा माणूस समजलेलंच नसतं. पॉझिटिव्ह पण सौम्य लक्षणांच्या लोकांसाठीही हॉटेलं घेतली होती आणि एप्रिल २०२१ मध्ये मुंबई महापालिकेने बऱ्या होत असलेल्या रुग्णांना रुग्णालयातून मोठ्या हॉटेलांत हलवायला सुरुवात केली. ते तिसरंच प्रकरण. त्याला इथे ओढू नका.

कायद्याच्या अंगानेही फरक मोठा आहे. १५ मे २०२० ला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने सूचना काढली, की किट घालून काम करणाऱ्यांना ड्युटीनंतर सरसकट क्वारंटाइन नको. ज्यांचा संपर्क हाय रिस्क, म्हणजे किट फाटलं, मास्क सरकला, संरक्षणाशिवाय पेशंटच्या अगदी जवळ काम झालं, त्यांनाच. त्याविरुद्ध एका डॉक्टरने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. स्वतःला जपण्याची अंतिम जबाबदारी आरोग्य कर्मचाऱ्याचीच, असं केंद्राने प्रतिज्ञापत्रात म्हटलं. ते वाक्य आठवलं की आजही संताप होतो. १७ जूनला न्यायालयाने कोविडच्या थेट कामातल्या डॉक्टर-कर्मचाऱ्यांना क्वारंटाइनची सोय नाकारू नये आणि पगार वेळेवर द्यावा असं बजावलं. क्वारंटाइनचे दिवस रजा धरून पगार कापल्याच्या तक्रारीही पुढे याच प्रकरणात आल्या. खोली आणि क्वारंटाइन एकच मानणाऱ्याला या भांडणाचं मर्मच कळत नाही. खोली मिळाली होती म्हणून क्वारंटाइन मिळालं, असं होत नाही. माणसं नेमकं तेच मागत होती, जे "मिळालंय की" म्हणून त्यांना सांगितलं जात होतं.

"फुकटात पंचतारांकित चैन" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. किटमध्ये सहा तास पाणी न पिता, लघवीला न जाता काढून, बाथटबमध्ये स्वतःचे कपडे धुऊन, व्हिडिओ कॉलवर रडणाऱ्या लेकराला झोपवणाऱ्या बाईला त्यांनी एकदा भेटावं. माझी तक्रार वेगळी आहे. बऱ्याच ठिकाणी खोल्या पदाप्रमाणे वाटल्या गेल्या. आधी डॉक्टर, मग सिस्टर, आणि मावशी-वॉर्डबॉय यांच्यापर्यंत यादी पोचेस्तोवर खोल्या संपलेल्या. पेशंटचं भांडं उचलणारी मावशी चाळीत, दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसांत परतायची. तिच्याइतकी हॉटेलची गरज कोणाला नव्हती.

पुन्हा वेळ आली आणि खोल्या कमी पडल्या, तर माझं मत पक्कं आहे. एकेकटी खोली आधी क्वारंटाइनवाल्यांना द्या, पद न बघता. ड्युटीवाल्या दोघी एका खोलीत राहिल्या तर चालतं, पण दोघी एकाच वॉर्डातल्या आणि एकाच पाळीतल्या हव्यात, म्हणजे एकीमुळे दुसरीच्या संपर्कात नवीन भर कमीत कमी पडते आणि एकीच्या नाइटनंतरची झोप दुसरीच्या गजराने मोडत नाही. दोन्ही प्रकार एकाच इमारतीत ठेवायचे तर मजले वेगळे, लिफ्ट वेगळी आणि रजिस्टरही वेगळं. क्वारंटाइनच्या रजिस्टरात प्रत्येक नावापुढे शेवटच्या ड्युटीची तारीख आणि पाळी लिहा. हॉटेलात आल्याची तारीख तिथे कामाची नाही.