हॅजॲटर

पायथन या संगणकभाषेत एखाद्या ऑब्जेक्टला (प्रोग्रॅममधील वस्तूला) विशिष्ट नावाचे ॲट्रिब्यूट (तिच्याशी जोडलेला गुणधर्म) आहे की नाही, हे तपासणारे अंगभूत फंक्शन. ऑब्जेक्ट आणि स्ट्रिंगच्या (अवतरणचिन्हांतील मजकुराच्या) रूपातले नाव त्याला द्यावे लागते. उत्तर ट्रू (आहे) किंवा फॉल्स (नाही) असे मिळते.

पश्चिम रेल्वेवर २५ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईची पहिली वातानुकूलित लोकल धावू लागली. त्याआधी लिहिलेल्या वेळापत्रकाच्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये गाडीच्या ऑब्जेक्टला ‘वातानुकूलित’ हे ॲट्रिब्यूटच नसेल, तर हॅजॲटर(गाडी, 'वातानुकूलित') याचे उत्तर फॉल्स येते. मात्र साध्या गाडीवर वातानुकूलित = फॉल्स असे नोंदवलेले असेल, तर तेच उत्तर ट्रू येते, कारण येथे नाव आहे का एवढेच विचारलेले असते, त्याची किंमत नव्हे. नवशिके हमखास इथे फसतात.

हे फंक्शन नावांची यादी चाळत असावे असा समज होतो. प्रत्यक्षात ते ॲट्रिब्यूटची किंमत आणून देणाऱ्या गेटॲटर या फंक्शनप्रमाणे ॲट्रिब्यूट मागूनच पाहते आणि ॲट्रिब्यूट-एरर (ॲट्रिब्यूट न सापडल्याची चूक) आली तर फॉल्स सांगते. त्यामुळे ‘उशीर’ ही सर्व्हरवरून माहिती आणणारी प्रॉपर्टी (मागताच कोड चालवणारे ॲट्रिब्यूट) असल्यास, ती आहे का एवढे विचारताच सर्व्हरकडे विनंती जाते. पायथन २ मध्ये अशा वेळी जोडणी तुटल्याची एररही गिळली जाऊन फॉल्स मिळे. २०११ च्या ३.२ आवृत्तीपासून केवळ ॲट्रिब्यूट-एरर झेलली जाते आणि इतर एरर पुढे जातात. तरीही प्रॉपर्टीच्या आतल्या कोडमध्येच चुकीचे नाव वापरल्याने ॲट्रिब्यूट-एरर आली, तर असलेली प्रॉपर्टी नाही असे सांगितले जाते, आणि हा दोष शोधणे फार जिकिरीचे असते. काहीही न चालवता पाहायचे असल्यास पायथनच्या इन्स्पेक्ट मॉड्यूलमधील (तयार कोडच्या संचातील) गेटॲटर-स्टॅटिक हे फंक्शन उपयोगी पडते. ॲट्रिब्यूट नसताना पर्यायी किंमत पुरेशी असेल, तर गेटॲटरला ती तिसरे आर्ग्युमेंट (कंसात दिलेली किंमत) म्हणून देणे अधिक सुटसुटीत.

पायथन ३ मध्ये नावे देवनागरीतही लिहिता येतात, पण कोडमधील नावांचे युनिकोड रूप (अक्षरांसाठीचे संगणकीय क्रमांक) पायथन एकसारखे करून घेते, स्ट्रिंगचे करत नाही. परिणामी ‘फेऱ्या’ या नावातील ऱ स्ट्रिंगमध्ये र आणि नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) असा वेगवेगळा टंकलेला असल्यास, पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसूनही हॅजॲटर फॉल्स सांगते.