शासकीय अभिलेख आणि त्यांचे राखणदार : महाराष्ट्रातील व्यवस्थेची पार्श्वभूमी

मराठवाड्यातील मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि पुढे तिचे काम राज्यभर विस्तारले, तेव्हा तहसील कार्यालयांच्या अभिलेख कक्षांकडे अनेक वर्षांत प्रथमच सर्वांचे लक्ष गेले. जन्ममृत्यूच्या नोंदींचे कोतवाल बुक, शाळांची प्रवेश निर्गम रजिस्टरे, खासरा पत्रके, पाहणी पत्रके, जुने फेरफार असे कागद गठ्ठे सोडून तपासले जाऊ लागले. त्यांतले कितीतरी मोडी लिपीत होते, निजामी राजवटीतले उर्दूत होते, आणि काही दस्तऐवजांसाठी हैदराबादपर्यंत जावे लागले. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असो, या शोधमोहिमेने एक गोष्ट स्पष्ट केली : शंभर वर्षांपूर्वी एखाद्या गावकामगाराने नेमाने केलेली नोंद आजच्या नागरिकाच्या आयुष्याची दिशा ठरवू शकते. ती नोंद कोठे सापडते आणि कोठे सापडत नाही, हे मात्र त्या त्या ठिकाणच्या दफ्तराला गेल्या दोनशे वर्षांत कसे राखणदार लाभले यावर अवलंबून आहे. आपल्याकडच्या अभिलेख व्यवस्थेचा इतिहास त्यासाठीच समजून घेण्यासारखा आहे.

पेशवाईच्या उत्तरार्धात पुण्याचे हुजूर दफ्तर ही केवळ कागदांची कोठी नव्हती, तर राज्याच्या हिशेबाची चालती यंत्रणा होती. फडणीस, चिटणीस, दफ्तरदार यांची कामे वाटलेली होती. रोजच्या आदेशांची आणि जमाखर्चाची नोंद रोजकीर्दीत होई, तिच्यावरून खतावणी होई आणि वर्षाअखेरीस ताळेबंद तयार होई. स्वारीबरोबर फिरणारे चालते दफ्तर वेगळे आणि पुण्यात कायम राहणारे एकबेरीज दफ्तर वेगळे असल्यामुळे, पेशवे मोहिमेवर असले तरी सगळ्या सुभ्यांचा एकत्रित हिशेब एका जागी जुळत असे. नाना फडणिसांच्या काळात ही शिस्त कसोशीने पाळली गेली. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत ती ढासळली, नोंदी अपुऱ्या राहू लागल्या आणि कागद बाहेर गेले. यंत्रणा तीच, कागद तेच, पण लक्ष घालणारा माणूस उरला नाही. हा अनुभव महाराष्ट्राच्या दफ्तरांनी त्यानंतरही अनेकदा घेतला आहे.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि हे दफ्तर ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आले. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांना त्याचे मोल लगेच कळले, कारण कोणत्या गावाचा वसूल किती, कोणाचे वतन कोणत्या सनदेने चालते, देवस्थानाला काय नेमणूक आहे हे सांगणारा दुसरा आधार नव्या सरकारकडे नव्हता. पुढे मुंबईचे गव्हर्नर असताना, १८२१ मध्ये, त्यांच्याच काळात मुंबईत सरकारी कागदपत्रांसाठी स्वतंत्र अभिलेख कार्यालय सुरू झाले. आजच्या पुराभिलेख संचालनालयाचा उगम तेथे आहे. केंद्रीय पातळीवरचे अभिलेख खाते त्यानंतर सत्तर वर्षांनी, ११ मार्च १८९१ रोजी, कलकत्त्यात स्थापन झाले, आणि त्याचे पहिले प्रमुख जी. डब्ल्यू. फॉरेस्ट हे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्राध्यापक होते व मुंबईच्या दफ्तरावर काम करून त्यांनी नाव मिळवलेले होते. देशाच्या अभिलेखागाराची पहिली घडी बसवण्यात मुंबईच्या अनुभवाचा वाटा असा थेट आहे. (गोव्याची परंपरा त्याहून जुनी : पोर्तुगीजांनी १५९५ मध्येच तेथे अभिलेखागार स्थापून दियोगो दो कौतो यांना त्याचे रक्षक नेमले होते.)

परंतु कंपनी सरकारने पुण्याचे दफ्तर सांभाळले ते इतिहासाच्या प्रेमाने नव्हे, हेही तितकेच खरे. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि दख्खनमधील हजारो इनामदारांना आपल्या जमिनीचा हक्क सिद्ध करायला सांगण्यात आले. इनामदाराच्या घरची सनद एका बाजूला आणि पेशवे दफ्तरातील नोंद दुसऱ्या बाजूला ठेवून दोन्ही ताडून पाहिल्या जात. दफ्तरात नोंद मिळाली नाही तर सनद संशयित ठरे आणि जमिनीवर पूर्ण आकार (शेतसारा) बसे. म्हणजे दफ्तर अपुरे ठेवण्याचा दोष दरबाराचा आणि दंड मात्र रयतेला, असा तो व्यवहार होता. या चौकशीने दक्षिण महाराष्ट्रात पसरलेला असंतोष १८५७ च्या सुमारास सरकारला जाणवला, चौकशीचा जोर कमी झाला आणि १८६३ च्या कायद्यांनी तडजोडीचा मार्ग काढण्यात आला. अभिलेखशास्त्राच्या दृष्टीने मात्र याच कमिशनच्या काळात पेशवे दफ्तराची मोठी जुळणी झाली. प्रांतोप्रांतीचे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) पुण्यात आले आणि त्यांचे विषयवार व प्रांतवार गट पडले. आज पुण्याच्या पुराभिलेखागारात असलेल्या सुमारे ३९ हजार रुमालांची मांडणी समजून घेताना अभ्यासकाला ही पार्श्वभूमी लक्षात ठेवावी लागते, कारण ती मांडणी महसुली चौकशीच्या गरजेतून झाली आहे. एखाद्या घराण्याची कौटुंबिक हकिगत शोधणाऱ्याला म्हणूनच एका विषयासाठी अनेक ठिकाणी हात घालावा लागतो.

सरकारी गुपित म्हणून हे दफ्तर अभ्यासकांना दीर्घकाळ जवळजवळ बंदच होते. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून खासगी वाड्यांमधली दफ्तरे गोळा करत राहिले आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, यामागे इतर कारणांबरोबर हेही एक कारण होते. १९३० नंतर गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद ४५ खंडांत प्रसिद्ध झाले, तेव्हा कोठे ते दार मोठ्या प्रमाणावर उघडले. सार्वजनिक अभिलेख हे जनतेचे आहेत, ही कल्पना आपल्याकडे रुजायला लागलेला वेळ यावरून कळतो.

इतिहासाच्या कागदांची ही कथा चालू असताना रोजच्या कारभाराच्या कागदांची दुसरी, अधिक शिस्तीची परंपरा महसूल खात्यात तयार होत होती. १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यातून गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी सुरू केलेल्या जमीन पाहणीने प्रत्येक शेताला क्रमांक, क्षेत्र आणि आकार (सारा) ठरवून दिला. १८७९ च्या जमीन महसूल कायद्याने आणि १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्याने त्या शेताशी माणसाचा हक्क जोडला. गाव नमुन्यांची जी मालिका यातून घडली, ती थोड्याफार बदलांसह आजही चालू आहे. सात, बारा, सहाचा फेरफार, आठ अ हे आकडे शेतकऱ्याच्या बोलण्यात सहज येतात. या नोंदी टिकल्या याचे कारण उघड आहे : त्यांच्यावर सरकारचा वसूल आणि शेतकऱ्याची मालकी, दोन्ही अवलंबून होती आणि दोन्ही बाजूंना त्या वारंवार पाहाव्या लागत. जो कागद मागितला जातो तो जपला जातो. ज्याला कोणी विचारत नाही असे कागद मात्र माळ्यावर जातात आणि वाळवीच्या स्वाधीन होतात.

सगळेच कागद कायम ठेवता येत नाहीत, त्यामुळे काय ठेवायचे आणि काय काढून टाकायचे हा अभिलेख व्यवस्थापनाचा खरा गाभा आहे. महाराष्ट्रातील कार्यालयांत त्यासाठी वर्गवारी आहे. अ वर्ग कायम ठेवायचा, ब वर्ग ३० वर्षे, क वर्ग १० वर्षे, क-१ वर्ग ५ वर्षे आणि ड वर्ग काम संपल्यावर वर्षभराने नष्ट करायचा. कागदावर ही रीत निर्दोष आहे. प्रत्यक्षात ती कोठे अडते हे पाहण्यासाठी एका साध्या नस्तीचा, म्हणजे फाइलचा, प्रवास पाहावा. पत्र येते, आवक बारनिशीत (येणाऱ्या पत्रांच्या नोंदवहीत) त्याला क्रमांक पडतो, संबंधित लिपिकाच्या कार्यविवरण नोंदवहीत ते उतरते, टिपणी लिहून नस्ती वर जाते, निर्णय होतो आणि उत्तर जावक होते. यानंतर निंदणी व्हायला हवी. लिपिकाने दुबार प्रती काढून टाकायच्या, पाने तारीखवार लावून प्रत्येकावर पृष्ठ क्रमांक घालायचा, सूची जोडायची, मुखपृष्ठावर वर्ग आणि नष्ट करण्याचे वर्ष लिहून वरिष्ठाची सही घ्यायची आणि मग ती अभिलेख कक्षात पाठवायची. अर्जदाराला उत्तर मिळालेले असते, वरिष्ठांचा तगादा संपलेला असतो, विधिमंडळाचा प्रश्न निकाली निघालेला असतो. निंदणीची वाट पाहणारा कोणीच नसतो, म्हणून ती राहते. पुढे लिपिकाची बदली होते, कार्यभार यादीत नस्त्यांचे नाव न घालता एवढे गठ्ठे मिळाले असे मोघम लिहिले जाते, आणि दहा वर्षांनी कोणी त्यातला एक कागद मागितला की शोध सुरू होतो. माझ्या मते गहाळ झालेल्या बहुतेक नस्त्या चोरीला गेलेल्या नसतात, त्या या टप्प्यावर हरवलेल्या असतात.

ही अडचण ओळखून काम केलेले अधिकारीही महाराष्ट्राने पाहिले. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची बैठक व्यवस्था, टेबलावरच्या कागदांची विभागणी आणि अभिलेख कक्षाची मांडणी एकत्र हाती घेतली. लखिना पॅटर्न या नावाने तो प्रयोग राज्यभर परिचित झाला. सहा गठ्ठा पद्धतीचे तत्त्वही असेच आहे : चालू प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके (ठरावीक मुदतीने पाठवायचे अहवाल), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद हे पहिल्यापासून वेगळे ठेवायचे, म्हणजे निंदणी हे वर्षाअखेरीचे संकट न राहता रोजच्या कामाचा भाग होते. २०१७-१८ मध्ये पुणे विभागातून सुरू झालेली झिरो पेंडन्सी (शून्य प्रलंबितता) मोहीम याच विचाराची होती. यांतला प्रत्येक प्रयोग यशस्वी झाला, आणि प्रत्येकाचे यश त्याच्या प्रवर्तकाच्या बदलीनंतर ठिकठिकाणी ओसरले. पेशवाईतल्या दफ्तराचा अनुभव येथे पुन्हा दिसतो.

व्यक्तीवर अवलंबून असलेली ही जबाबदारी कायद्यात बांधण्याचे काम फार उशिरा झाले. केंद्राने १९९३ मध्ये सार्वजनिक अभिलेख अधिनियम केला. त्याने प्रत्येक कार्यालयात अभिलेख अधिकारी नेमणे बंधनकारक केले, १८९२ पूर्वीचा कोणताही अभिलेख, तो अभिलेख म्हणून कोणत्याही उपयोगाचा न राहण्याइतका खराब झालेला असल्याखेरीज, नष्ट करण्यास मनाई केली आणि नियमबाह्य नाशासाठी पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या. हा कायदा केंद्र सरकार आणि केंद्रशासित प्रदेशांपुरता असल्याने महाराष्ट्राने २००५ चा स्वतःचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम केला. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरपासून माहितीचा अधिकार अधिनियम पूर्णपणे अमलात आला. त्याच्या कलम ४ चे पहिलेच बंधन असे आहे की प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले सर्व अभिलेख सूचीबद्ध आणि अनुक्रमित ठेवावेत. या कलमाकडे जेवढे लक्ष जायला हवे होते तेवढे गेले नाही. अर्ज, अपील, तीस दिवसांची मुदत यांची चर्चा खूप झाली, पण सूचीच नसलेल्या कार्यालयात माहिती अधिकाऱ्याने शोधायचे कोठे, हा प्रश्न मागे पडला. 'अभिलेख आढळून येत नाही' हे उत्तर नागरिकाच्या हाती पडते तेव्हा एक नव्हे, दोन कायदे मोडलेले असण्याची शक्यता असते.

२१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत पाच जणांचा जीव गेला आणि वरच्या मजल्यांवरील अनेक विभागांचे कागद जळाले. त्यानंतर ई-ऑफिसला (संगणकावरच नस्त्या चालवण्याच्या प्रणालीला) आणि जुन्या कागदांच्या स्कॅनिंगला वेग आला. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. ही प्रगती मोठी आहे आणि तलाठी कार्यालयाच्या फेऱ्या वाचलेल्या शेतकऱ्याला तिचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. मात्र स्कॅन केलेला गठ्ठा हा सूची नसेल तर गठ्ठाच राहतो, आणि मोडीतल्या पानाची प्रतिमा संगणकावर आली तरी ती वाचून गाव, नाव आणि साल लिहिणारा जाणकार लागतोच. शिंदे समितीच्या कामात मोडी व उर्दू वाचकांची गरज प्रकर्षाने भासली, ती यामुळेच. संगणकावर निर्माण झालेली सामग्री हाही सार्वजनिक अभिलेखच आहे, असे १९९३ च्या कायद्याची व्याख्या स्पष्ट म्हणते. म्हणजे ई-ऑफिसमधल्या नस्तीलाही वर्ग, मुदत आणि जबाबदार अभिलेख अधिकारी हवा. ती नस्ती बंद करताना वर्ग नोंदवल्याशिवाय पुढेच जाता येणार नाही अशी सोय प्रणालीत करणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. कागदाच्या काळात लिपिकाच्या सवडीवर राहिलेली निंदणी त्यामुळे प्रथमच अटळ होऊ शकते, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील अभिलेख अधिकाऱ्याचे पद अतिरिक्त कार्यभार म्हणून न देता प्रशिक्षित माणसाकडे सोपवले, तर तिच्यावर देखरेखही राहील.