न्यूट्रॉन शोषक पत्र्याचे कूपन: तलावात सोडण्याआधी आणि काढल्यावर

अणुभट्टीतले वापरलेले इंधन पाण्याच्या तलावात ठेवायच्या रॅकमध्ये, साखळी अभिक्रिया सुरू होऊ नये म्हणून, बोरॉनयुक्त पत्रा बसवतात. नैसर्गिक बोरॉनमध्ये बोरॉन-10 साधारण 20 टक्के असते आणि न्यूट्रॉन शोषण्याचे काम तेच करते. बसवलेला पत्रा पुन्हा बाहेर काढता येत नाही, म्हणून त्याच बॅचचे तुकडे, म्हणजे कूपन, तलावात टांगून ठरलेल्या मुदतीने तपासतात. (जड पाण्याच्या भट्टीतले नैसर्गिक युरेनियम साध्या पाण्यात क्रिटिकल होत नाही, म्हणजे साखळी अभिक्रिया टिकत नाही, त्या तलावांना या पत्र्याची गरज नाही.)

पत्र्याचा मुख्य धातू ॲल्युमिनियम. त्याला तांबडा गंज येत नाही, त्यामुळे बिघाड चटकन नजरेत भरत नाही. बोराल नावाच्या पत्र्यात ॲल्युमिनियम आणि बोरॉन कार्बाइडच्या भुकटीचा गाभा दोन पातळ ॲल्युमिनियम थरांत दाबलेला असतो. गाभा सच्छिद्र, आणि कापलेल्या कडेला उघडा. कडेने पाणी आत जाते, ॲल्युमिनियमशी क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो. ऑक्साइडने छिद्रे बुजली की वायू कोंडतो आणि वरचा थर पोळीसारखा फुगतो. फोड आला म्हणजे बोरॉन गेले, असे नाही. पण रॅकच्या गणितात धरलेली पाण्याची फट फोडामुळे कमी होते, इंधन घासूही शकते. मेटॅमिकसारख्या सलग घट्ट पत्र्यात ही कटकट नाही. तिथे बारीक खड्डे पाहायचे.

खड्ड्यांचे कारण बहुतेक वेळा क्लोराइड. आपल्या किनाऱ्यावर ते तलावाआधीच चिकटते: खारा वारा, घामेजलेला हात. खोके पावसाळ्यात उघड्यावर फोडू नका. नायट्राइल हातमोजे घाला, ॲसिटोनने पुसा, डिमिनरलाइज्ड पाण्याने धुवा, वाळवा आणि वजन होईपर्यंत सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा. सुरुवातीचे वजन, पाच ठिकाणची जाडी आणि दोन्ही बाजूंचे फोटो नसतील, तर पुढची सगळी मोजमापे वाया.

रॅकमध्ये पत्रा स्टेनलेसच्या आवरणात असेल, तर काही कूपन तशाच आवरणात टांगा. दोन धातूंच्या फटीतली झीज उघड्या कूपनवर दिसत नाही. बाकीचे हँगरपासून अल्युमिना सिरॅमिकच्या वॉशरने वेगळे करा. टेफ्लॉन नको, किरणांनी त्याचा भुगा होतो.

बाहेर काढल्यावर बोराल वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, तापमान सावकाश चढवत. झटक्यात तापवले तर आतल्या पाण्याची वाफ होऊन नवाच फोड येतो आणि तो तलावातला समजला जातो. सलग पत्र्यावरचा ऑक्साइड काढायला 1.42 विशिष्ट गुरुत्वाचे नायट्रिक ॲसिड, 20 ते 25 अंश सेल्सिअस, 1 ते 5 मिनिटे. सोबत एक कोरे कूपनही बुडवा, ॲसिडने खाल्लेले वजन वजा करता येते. बोरालला हे ॲसिड लावू नका, कडेने आत शिरते.

हिशेबाचे उदाहरण: 100×50×2 मिमी कूपनचे क्षेत्रफळ 106 चौ. सेंमी. घनता 2.7 धरून 106 मिलिग्रॅम घट म्हणजे पृष्ठभागाची सरासरी 3.7 मायक्रॉन झीज. सरासरीवर विसंबू नका. एवढीच घट दोन-चार खड्ड्यांत साठली, तर वरचा थर आरपार गेलेला असू शकतो. खड्ड्याची खोली सूक्ष्मदर्शकाखाली वेगळी मोजा. बोरॉन-10 टिकले का, हे वजन सांगत नाही. त्यासाठी पत्र्यातून किती न्यूट्रॉन पार होतात ते मोजणारी न्यूट्रॉन आरपार चाचणीच हवी, निकाल बोरॉन-10 ग्रॅम प्रति चौ. सेंमी.

आम्ही फक्त कोरे कूपन, आवरण आणि हँगर पुरवतो. तलावात गेलेले कूपन आमच्याकडे परत पाठवू नये. त्याची तपासणी प्रकल्पाच्या किरणोत्सर्ग-सुरक्षा व्यवस्थेतच होते.