विंडसर्फिंग शिकायला कुठे जावं? परतीचा वारा बघून ठरवा

पहिल्यांदाच शिडाच्या बोर्डावर उभं राहणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

नमस्कार.

आमच्या पुण्याच्या छोट्या कार्यालयात विंडसर्फिंगची चौकशी करायला येणारे बहुतेक जण मोबाइलवर एखादा फोटो घेऊनच येतात. निळंशार पाणी, उंच लाट, हवेत उडालेला बोर्ड. "आम्हाला इथे जायचंय." फोटो बरेचदा हवाईतल्या होओकिपाचा असतो, नाहीतर मॉरिशसच्या ल मॉर्नचा. दोन्ही जागा अप्रतिम आहेत, पण पहिल्या सुट्टीसाठी दोन्ही चुकीच्या. तिथला वारा आणि तिथल्या लाटा ज्यांना बोर्ड चालवता येतो त्यांच्यासाठी आहेत. शिकाऊ माणूस तिथे गेला तर पाच दिवसांतले तीन दिवस तो वाळूत बसून दुसऱ्यांना बघतो. हे घडू नये म्हणून हे पत्रक आम्ही काढलं आहे. तिकीट काढण्याआधी एकदा सावकाश वाचा.

वारा कुठून येतो ते आधी विचारा

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे आपण सगळ्यांनीच पाठ केले आहेत. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून गार वारा आत येतो; तो खारा. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलटतो. तो मतलई, जमिनीवरून पाण्याकडे जाणारा. कोकणातले मच्छीमार पिढ्यान् पिढ्या शिडाच्या होड्या पहाटे मतलईवर बाहेर काढत आणि दुपारी खाऱ्यावर परत आणत. आपल्याला या दोन्हींपैकी फक्त परतीचा वारा हवा आहे.

हे मी स्वतः चुकून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका सकाळी, कोकणातल्या एका किनाऱ्यावर मी भाड्याने बोर्ड घेतला. देणाऱ्याने काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. पाणी तळ्यासारखं शांत होतं आणि पाठीमागून मंद वारा येत होता. मला वाटलं, शिकायला याहून चांगला दिवस मिळायचा नाही. बोर्ड आपोआप पुढे जात होता आणि मला ते माझं कौशल्य वाटत होतं. वळून पाहिलं तेव्हा किनाऱ्यावरची माणसं काड्यांएवढी दिसत होती. वळता येत नव्हतं, शीड उचलून हात भरून आले होते आणि जितकं आत जावं तितका वारा वाढत होता, कारण किनाऱ्याजवळ माडांनी आणि टेकडीने तो अडवलेला होता. शेवटी जाळी काढून परतणाऱ्या एका होडीने मला बोर्डासकट ओढून आणलं. होडीतले आजोबा रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "सकाळच्या वाऱ्यार शीड घेवन खंय चललंस रे?"

तो प्रश्न आम्ही आता प्रत्येक बुकिंगच्या आधी विचारतो. जमिनीकडून पाण्याकडे जाणारा वारा शिकाऊ माणसाला नको. किनाऱ्याजवळ तो लाटा उठू देत नाही, म्हणून पाणी सुरेख दिसतं, आणि त्यातच फसगत होते. थेट किनाऱ्याकडे येणारा वारा सुरक्षित असतो, पण तो सारखा मागे ढकलतो आणि काठावरच्या लहान लाटांत पाय टिकत नाहीत. सगळ्यात चांगला म्हणजे किनाऱ्याला जवळजवळ समांतर आणि थोडा किनाऱ्याकडे झुकलेला तिरका वारा. तो तुम्हाला जाऊही देतो आणि येऊही देतो. आणि चुकलात, तर शंभर-दोनशे मीटर पलीकडे का होईना, वाळूवरच आणून सोडतो.

किती वारा पुरे?

वाऱ्याचा वेग या खेळात नॉटमध्ये सांगतात. एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर. पहिल्या आठवड्याला 6 ते 10 नॉट पुरे, फार तर 12. त्याहून कमी असेल तर शीड ओढतच नाही, नुसतं डुलत उभं राहावं लागतं. पाण्यावर सगळीकडे पांढऱ्या फेसाचे तुरे उठू लागले की वारा 12-13 नॉटच्या वर गेला असं समजा आणि बोर्ड बाहेर घ्या. जाहिरातींत "वर्षाचे इतके दिवस 20 नॉट वारा" असं अभिमानाने छापतात. तो आकडा तुमच्यासाठी नाही.

पाणी, तळ आणि भरती

पहिल्या दोन दिवसांत तुम्ही तास-दीड तासात तीस-चाळीस वेळा पडाल. हे सगळ्यांचंच होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. म्हणून कुठे पडता याला महत्त्व आहे. कंबरभर पाणी आणि खाली वाळू असेल तर माणूस उभा राहतो आणि पुन्हा चढतो. अगदीच दमलात तर बोर्ड ओढत चालत परत येता येतं. गुडघाभर पाणी मात्र बरं नाही. बोर्डाखालचा पंखा, म्हणजे पाण्यात उतरलेलं उभं पातं, तळाला अडकतो आणि तुम्ही पुढे फेकले जाता.

तळ खडकाळ असेल तर आम्ही ती जागा सुचवतच नाही. आपल्याकडच्या खडकांवर कालवं असतात, ती पाय ब्लेडसारखी कापतात. तांबड्या समुद्रात प्रवाळ आणि काटेरी सागरी अर्चिन असतात. वाळू असली तरी पातळ तळव्याचे रबरी बूट घालाच. उथळ वाळूत पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) दडून बसलेलं असू शकतं, म्हणून पाय उचलून टाकू नका, घासत चला. चाहूल लागली की ते निघून जातं.

भरती-ओहोटीकडे आपले लोक फारसं लक्ष देत नाहीत, कारण सुट्टीचा समुद्र म्हणजे पाय भिजवायचा समुद्र. मुंबईच्या बाजूला मोठ्या भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्याही वर जातो. सकाळी छान कंबरभर पाणी होतं तिथे दुपारी चिखल दिसतो, आणि खाडीच्या तोंडाशी ओहोटीचा ओढा वाऱ्यापेक्षाही जोरात बाहेर नेतो. जुन्या लोकांचा हिशोब अजून उपयोगी आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने कळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. नेमकी वेळ तक्त्यात बघावी, पण घरच्या कालनिर्णयावरून महिनाभर आधी अंदाज बांधता येतो. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी जवळजवळ जाणवत नाही. पहिल्या सुट्टीसाठी ग्रीस किंवा तुर्की आम्ही सुचवतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

बोर्ड मोठा हवा

गावाचं नाव ठरवण्याआधी तिथल्या शाळेकडे शिकाऊ बोर्ड किती आहेत ते आम्ही विचारतो. शिकाऊ बोर्ड रुंद असतो, 80 ते 100 सेंटिमीटर, वर मऊ रबराचा थर आणि मध्ये खालीवर होणारा मोठा पंखा. त्याची क्षमता लिटरमध्ये मोजतात. तुमच्या वजनात साधारण 100 ते 120 मिळवा: 75 किलोच्या माणसाला 175 ते 195 लिटरचा बोर्ड लागतो. शीड सुरुवातीला 3 ते 5 चौरस मीटरचं, मुलांना दीड ते अडीचचं.

असं होतं बघा: तुम्ही बोर्डावर मधोमध उभे असता, शीड पाण्यात आडवं पडलेलं असतं, डोलकाठीला बांधलेली जाड दोरी हातात असते. सगळे जण पहिल्यांदा कंबरेतून वाकून ओढतात. शिडावर पाण्याचं ओझं असतं, ते हलत नाही, आणि संध्याकाळी पाठ धरते. गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा, हात लांब सोडा आणि नुसतं मागे रेला. क्षणभर काही होत नाही. मग शिडाच्या कडेवरून पाणी निथळायला लागतं आणि ते एकदम हलकं होऊन वर येतं. पहिल्या दिवशी एवढं जमलं तरी दिवस सार्थकी लागला. लहान बोर्डावर हे करताना तोलच राहत नाही, म्हणून "बोर्ड आहेत की" एवढ्या उत्तरावर आम्ही बुकिंग करत नाही.

जागा

ग्रीसमधलं लेफकाडा बेटावरचं वासिलिकी हे आमचं सगळ्यात लाडकं गाव, आणि का ते जरा सविस्तर सांगतो. खाडी दक्षिणेकडे उघडी, बाकी डोंगर. सकाळी समुद्राकडून हलका वारा किनाऱ्याकडे येतो. ही नवशिक्यांची वेळ. दुपारी डोंगर तापले की वायव्येकडून किनाऱ्याला समांतर जोराचा वारा उतरतो. तिथले लोक या वाऱ्याला 'एरिक' म्हणतात. तेव्हा पाण्यात जाणकार असतात आणि तुम्ही टॅव्हर्नात जेवत त्यांना बघता. एकाच दिवसात शिकणंही होतं आणि पुढे काय करायचं आहे ते डोळ्यांसमोरही राहतं. हंगाम मे ते सप्टेंबर, म्हणजे मुलांची मे महिन्याची सुट्टी बसते. पण मेमध्ये पाणी आपल्याला गार लागतं, अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख घ्यावा लागेल. किनारा गोट्यांचा आहे, बूट विसरू नका. बेट मुख्य भूमीला रस्त्याने जोडलेलं आहे, त्यामुळे फेरीबोटीची धावपळ नाही. ग्रीसला लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. त्यात जलक्रीडा धरल्या आहेत का, ते मात्र वेगळं बघावं लागतं; ते आम्ही बघतो.

तुर्कीत इझमीरजवळच्या अलाचातीला खाडी इतकी उथळ आहे की किनाऱ्यापासून बरंच आत गेलं तरी पाणी कंबरेच्या आसपास राहतं. वारा उत्तरेचा, म्हणजे खाडीच्या तोंडाकडे नेणारा. एरवी आम्ही नको म्हटलं असतं, पण इथे बोर्डावरून उतरून चालत येता येतं, एवढ्यासाठी ही जागा यादीत आहे. जुलै-ऑगस्टमध्ये वारा जोरकस असतो, त्यामुळे शिकायला मे-जून किंवा सप्टेंबर बरा.

इजिप्तमधलं दहाब दिवाळीच्या सुट्टीला छान. शर्म अल-शेखच्या विमानतळावरून गाडीने तासाभराचा रस्ता. तिथे वाळूच्या दांड्याने अडवलेलं लगून आहे, आणि शिकाऊ माणसाने त्याच्या बाहेर जायचं नाही. वारा चांगलाच असतो, त्यामुळे शीड लहान घ्या. लगूनच्या बाहेर तोच वारा अकाबाच्या आखातात नेतो.

श्रीलंकेतलं कल्पितिया आणि मॉरिशसचं ल मॉर्न दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी ठेवा. श्रीलंकेलाच जायचं असेल तर नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये बेंतोटाच्या नदीमुखाचं शांत पाणी बघा.

आता घरच्या जागा. गोवा हाताशी आहे आणि खर्चही झेपतो. फेब्रुवारी ते मेच्या मध्यापर्यंत दुपारनंतर वायव्येचा खारा वारा नेमाने येतो. दोना पावला, करंझाळे, मिरामार या बाजूला तो मिळतो. म्हणून गोव्यात सकाळी झोपा, फिरा, पोहे खा, आणि बोर्ड दुपारी दोननंतरच हातात घ्या. डिसेंबर-जानेवारीत खारा वारा कमजोर असतो. आठवड्यातले दोन-तीन दिवस कोरडे जाऊ शकतात हे धरून चला. रामेश्वरमला पाल्कच्या उपसागराचं पाणी उथळ आहे आणि जानेवारी ते मार्च ईशान्येचा वारा किनाऱ्याकडे येतो. उन्हाळ्यात तिथे नैर्ऋत्येचा वारा सुरू होतो आणि त्याच किनाऱ्यावर तो बाहेर नेणारा होतो, म्हणून मेमध्ये कुणी स्वस्तात बोलावलं तरी जाऊ नका. शिवाय तिथे पतंगाच्या सर्फिंगची (काइटसर्फिंगची) शिकवणी जास्त चालते. शिडाचा बोर्ड आहे ना, याची खात्री आधी करावी लागते.

जून ते ऑगस्ट आपल्या पश्चिम किनाऱ्यावर जलक्रीडा बंद असतात. त्या काळात "खास ओळखीने करून देतो" म्हणणाऱ्याला नकार द्या.

पाण्यात अडकलात तर

बोर्ड सोडायचा नाही. पोहता कितीही येत असलं तरी नाही, कारण बोर्ड बुडत नाही आणि लांबून दिसतो. शीड पाण्यात आडवं टाका, म्हणजे ते नांगरासारखं वाहणं कमी करतं. बोर्डावर बसा आणि दोन्ही हात बाजूंना पसरून सावकाश वर-खाली करा. मदत मागण्याची ही खूण जगभर ओळखतात. बचावाची मोटरबोट पाण्यात किंवा काठावर तयार नसेल, तर त्या शाळेत आम्ही कुणाला पाठवत नाही.

आमच्याकडे येताना

तारखा, प्रत्येकाचं वय आणि खरं वजन (बोर्ड त्यावर ठरतो), आणि 50 मीटर न थांबता पोहता येतं का, एवढं सांगा. येत नसेल तर संकोच करू नका. दोन महिने आधी आलात तर जवळच्या तरणतलावात शिकायला वेळ मिळतो, आणि आमच्या ग्राहकांपैकी काही जण, त्यांत साठीच्या एक काकूही, असंच पोहणं शिकून मग गेले. चष्मा असेल तर मागून बांधायची दोरी घ्या. सुती टी-शर्ट नको, तो भिजला की जड होतो आणि वाऱ्यात थंडी भरवतो. लायक्राचा पूर्ण बाह्यांचा घ्या. आठवड्यात शिकवणी 8 ते 10 तासांचीच घ्या आणि मधला एक दिवस मोकळा ठेवा, कारण तिसऱ्या दिवशी तळहाताला फोड येतात.

सलग दोन दिवस वारा अजिबात आला नाही तर शिकवणीचे न वापरलेले तास पुढे ढकलता येतात की पैसे परत मिळतात, हे प्रत्येक शाळेचं वेगळं असतं. ते आम्ही बुकिंगआधी लेखी घेतो आणि त्याची प्रत तुमच्या तिकिटाला जोडून देतो.