सोनं गहाण पडलं त्याआधीची चाळीस वर्षं

जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेचं जवळपास ४७ टन सोनं मुंबईहून विमानाने परदेशी रवाना झालं. ते तारण ठेवून बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडून सुमारे ४० कोटी डॉलर उचलले गेले. त्याआधी मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत २० टन सोनं स्वित्झर्लंडला गेलंच होतं, आणि तेही तस्करांकडून जप्त केलेलं! तिजोरीत उरलेलं परकी चलन जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीला पुरेल इतकंच होतं.

दोष बहुतेकदा आखाती युद्धाला दिला जातो. इराकने कुवेत बळकावल्यामुळे तेल भडकलं, तिथल्या भारतीयांकडून येणारा पैसा आटला, हे खरंच. पण ते निमित्त झालं. घर आधीच पोखरलं होतं.

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत अवजड उद्योगांसाठी यंत्रसामग्रीची आयात एवढी वाढली की महायुद्धकाळात ब्रिटनकडे साठलेली आपली स्टर्लिंगची शिल्लक दोन-तीन वर्षांत संपत आली. १९५७ मध्ये सरकारने आयातीवर कडक निर्बंध घातले. डॉलर वाचवण्यासाठी आलेला हा बंदोबस्त पुढे कायमचा मुक्कामी राहिला. १९५१ च्या उद्योग कायद्याने कारखाना काढायला सरकारी परवाना लागतच होता. आता कच्चा माल आणि सुटे भागही दिल्लीच्या मर्जीवर आले.

आकुर्डीत तयार होणाऱ्या बजाज स्कूटरचंच बघा. नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबत, पण मंजूर क्षमतेपेक्षा उत्पादन मनाला येईल तसं वाढवायची कारखान्याला मुभा नव्हती. परदेशातल्या नातेवाइकाने डॉलर भरले, तर मात्र स्कूटर लवकर मिळे. देशात गिऱ्हाईक असं रांगेत उभं असताना बाहेरच्या बाजारात धडपडायला कोण जाणार? स्वातंत्र्याच्या सुमारास जागतिक निर्यातीत आपला वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता, १९९० पर्यंत तो अर्ध्या टक्क्यावर आला. ज्या नियंत्रणांनी परकी चलन राखायचं, त्यांनीच ते कमावण्याची वाट अडवली, असं माझं मत आहे. १९६६ मध्ये डॉलरचा भाव ४.७६ वरून ७.५० रुपये केला, तरी यात फारसा फरक पडला नाही.

ऐंशीच्या दशकात त्यात सरकारी उधळपट्टीची भर पडली. अनुदानं, संरक्षण, व्याज. केंद्राची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या आठ टक्क्यांच्या घरात गेली. व्यापारातली तूट अल्प मुदतीची कर्जं आणि अनिवासी भारतीयांच्या ठेवींवर भागवली जात होती. विश्वास डळमळताच या ठेवी काढून घेतल्या जाऊ लागल्या. त्यातच चंद्रशेखर सरकार गडगडलं, पूर्ण अर्थसंकल्पही मांडता आला नाही.

१९९१ मध्ये १ आणि ३ जुलैला रुपयाचं दोन टप्प्यांत अवमूल्यन झालं. दुसरा टप्पा थांबवावा म्हणून अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनी रिझर्व्ह बँकेत डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांना फोन केला, पण तोवर नवा दर जाहीर झाला होता. २४ जुलैला अठरा उद्योग वगळता परवाना पद्धत रद्द झाली. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरचे शेवटचे निर्बंध उठायला मात्र एप्रिल २००१ उजाडलं.