साउंडवेव्ह आणि शॉकवेव्ह: नावे जवळची, निष्ठा निराळ्या

छत्रपती संभाजीनगरात नवरात्रात भरणाऱ्या कर्णपुऱ्याच्या यात्रेत खेळण्यांच्या एका पालासमोर भाच्याने माझा हात ओढून मला थांबवले. पालात दोन प्लास्टिकचे यंत्रमानव शेजारी शेजारी टांगलेले होते, एक निळा आणि एक जांभळा. “दोनी एकच हायेत साहेब, रंग तेवढा येगळा,” असे विक्रेत्याने सांगताच भाच्याचा पारा चढला. मात्र त्यातला साउंडवेव्ह कोणता आणि शॉकवेव्ह कोणता, हे विचारल्यावर तोही गडबडला. त्याला दोष देता येत नाही, कारण घोटाळा व्हावा अशीच या दोघांची रचना आहे.

दोघेही हॅस्ब्रो कंपनीने १९८४ पासून बाजारात आणलेल्या ट्रान्सफॉर्मर्स या, यंत्रमानवातून दुसऱ्या वस्तूत बदलणाऱ्या खेळण्यांच्या कुळातले, दोघेही मेगाट्रॉनच्या डिसेप्टिकॉन नावाच्या दुष्ट पक्षाचे. त्यांच्या बहुतेक सोबत्यांची रूपांतरे मोटारींत किंवा विमानांत होत असताना हे दोघे हातात मावणाऱ्या वस्तू होतात, आणि दोघांनाही चेहऱ्यावर भावना दाखवण्याची सोय ठेवलेली नाही. त्यात नावांचा उत्तरार्ध एकच. मराठीत त्यांना ध्वनिलहर आणि आघातलहर म्हटले असते, तर निदान कानाला तरी फरक कळला असता.

साउंडवेव्ह म्हणजे टेप. मूळ खेळणे जपानच्या टाकारा कंपनीच्या मायक्रोमॅन मालिकेतले होते आणि हॅस्ब्रोने ते घेऊन १९८४ मध्ये नव्या नावाने विकले. वार्ताहर खिशात बाळगत त्या छोट्या कॅसेटच्या यंत्रासारखे त्याचे रूप आहे. छातीवर पारदर्शक झाकण आहे; कळ दाबली की ते उघडते आणि आत एक कॅसेट बसते. ही कॅसेट उलगडली की तिचा पक्षी, जग्वार किंवा लहान यंत्रमानव होतो. खेळण्याच्या डब्यात बझसॉ हा पक्षी मिळत असे, तर रॅव्हेज, लेझरबीक, रंबल आणि फ्रेंझी वेगळे विकत घ्यावे लागत. मला सर्वांत आवडलेली करामत पाठीमागे आहे: त्याची शस्त्रे पेन्सिल सेलच्या आकाराची केलेली असून, टेपच्या रूपात ती सेलच्या कप्प्यात सेलसारखीच लपतात. पेन्सिल घालून कॅसेटची सुटलेली फीत गुंडाळण्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांना हे खेळणे पाहून हसू आल्याशिवाय राहणार नाही. (रंबल आणि फ्रेंझी यांपैकी लाल कोण आणि निळा कोण, हा निराळाच वाद आहे, कारण खेळण्यातले रंग कार्टूनमध्ये उलटे झाले.)

शॉकवेव्हची जन्मकथा वेगळी आहे. १९८५ मध्ये आलेले हे खेळणे टाकाराचे नव्हतेच. टॉयको नावाच्या दुसऱ्याच कंपनीची अ‍ॅस्ट्रो मॅग्नम ही प्रकाश आणि आवाज करणारी खेळण्यातली लेझर बंदूक हॅस्ब्रोने परवान्यावर घेतली. अमेरिकेत रेडिओ शॅकच्या दुकानांत तीच बंदूक राखाडी रंगात गॅलॅक्टिक मॅन या नावाने विकली गेली, म्हणजे रंग बदलून तीच वस्तू विकण्याच्या बाबतीत कर्णपुऱ्याचा विक्रेता काही पहिला नव्हे. याच्या तोंडाच्या जागी तोंड नाही, नाक नाही, केवळ एकच डोळा आहे, आणि डावा हात पंजाऐवजी बंदुकीच्या नळीत संपतो. साउंडवेव्हला मात्र डोळ्यांवर आडवी पट्टी, तोंडावर झाकण आणि दोन धड हात आहेत.

तरीही माझ्या मते खरा फरक स्वभावाचा आहे, आणि तो पात्रांच्या लिखित पार्श्वभूमीतून कळतो. साउंडवेव्ह दुसऱ्यांच्या मेंदूतील विद्युतलहरी टिपून मनातले ओळखतो, आणि मिळालेली गुपिते ब्लॅकमेलसाठी वापरतो. त्यामुळे स्वपक्षातही त्याच्याविषयी फारसे प्रेम नाही, पण कार्टूनमध्ये तरी मेगाट्रॉनवर त्याची निष्ठा अढळ आहे. गावच्या पुढाऱ्याच्या मागे हातात फाईल घेऊन गप्प उभा राहणारा, आणि सगळ्यांची अंडीपिल्ली ठाऊक असणारा माणूस डोळ्यांसमोर आणावा. शॉकवेव्हची निष्ठा तर्काशी आहे. मार्व्हलच्या १९८५ च्या कॉमिकमध्ये, मेगाट्रॉनपेक्षा आपण अधिक तर्कशुद्ध नेतृत्व करू, एवढ्या साध्या हिशेबावर तो त्याला हरवून नेतेपद घेतो, आणि त्यात त्याला राग किंवा हेवा असल्याचे कुठे जाणवत नाही. शत्रुपक्षाचा नायक ऑप्टिमस प्राइम हाती लागल्यावर तो त्याचे डोके वेगळे करून जिवंत ठेवतो, कारण नव्या यंत्रमानवांना प्राण देण्याची शक्ती त्यात साठलेली असते. मारून टाकण्यापेक्षा ते उपयोगी, इतकाच त्याचा विचार.

येथे एक अडचण आहे. त्याच काळच्या कार्टूनमध्ये हाच शॉकवेव्ह मेगाट्रॉनचा अत्यंत इमानी सेवक आहे: मेगाट्रॉन पृथ्वीकडे निघतो, चाळीस लाख वर्षे बेशुद्ध पडतो, आणि इकडे शॉकवेव्ह सायबरट्रॉन हा त्यांचा मूळ ग्रह सांभाळत वाट पाहत बसतो. केवळ कार्टून पाहिलेल्या माणसाला दोघांचा स्वभाव एकच वाटला तर नवल नाही. तेव्हा निदान आवाजाकडे लक्ष द्यावे. फ्रँक वेल्कर यांचा साउंडवेव्ह यंत्रातून गाळलेल्या, सुरेल पण निर्जीव आवाजात मोजके शब्द बोलतो, तर कोरी बर्टन यांचा शॉकवेव्ह थंड, शिष्ट आणि माणसासारखा बोलतो.

रंगावर भिस्त ठेवू नये, निदान यात्रेतल्या नकली मालात तरी नाहीच. भाच्यासाठी मी साउंडवेव्ह समजून निळा घेतला. घरी येऊन नीट पाहिले, तर छातीचे झाकण म्हणजे नुसता चिकटवलेला स्टिकर निघाला, डोळा एकच होता आणि डाव्या हाताला पंजाच नव्हता.